तापणारी गाडी, गारठलेला हीटर

अकोटसारख्या गावी बसून मोटारीच्या हीटरचा इतिहास मांडावा, ही कल्पना प्रथमदर्शनी विनोदी वाटण्याचा संभव आहे. वैशाखात अकोला जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. येथल्या चालकाला चिंता असते ती गाडी तापू नये याची. परंतु गावाच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. पौषातल्या पहाटे माल घेऊन घाट चढणाऱ्या पिकअपची काच आतून धुरकटते, तेव्हा हीटर ही चैन राहत नाही. पुढचे वळण दिसणे न दिसणे त्याच्यावर अवलंबून असते. आणि नेमका त्याच वेळी तो गार वारा फेकतो. असे का व्हावे?

हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी डॅशबोर्डमागच्या एका लहानशा रेडिएटरात येते आणि पंखा त्यावरून हवा लोटतो, एवढीच ही रचना. म्हणून हीटरचा इतिहास हा वस्तुतः इंजिन थंड ठेवण्याच्या इतिहासाचाच उपभाग आहे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’त, अगदी सुरुवातीच्या गाड्या वगळता, पाणी खेळवण्यासाठी पंपही नव्हता, तापलेले पाणी वर चढे, निवलेले खाली उतरे. पुढे थर्मोस्टॅट आला. १९३०च्या दशकात त्यात मेणाची योजना झाली. ठरावीक उष्णतेला मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर इंजिन आपली ऊब राखते. १९३८ साली अमेरिकेतील ‘नॅश’ कंपनीने बाहेरची हवा गाळून, तापवून आत सोडणारी व्यवस्था बाजारात आणली.

आपल्याकडे १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जीप जोडावयास आरंभ केला. त्या उघड्या गाडीला हीटरचा प्रश्नच नव्हता. थर्मोस्टॅट मात्र इंजिनासोबत आला, आणि थंड देशांची गरज ओळखून घडलेला हा भाग उष्ण प्रदेशातल्या मिस्त्रींना संशयास्पद वाटू लागला. तो बंद अवस्थेत अडकला, तर इंजिन उकळे. मग ‘वॉल्व्ह काढून टाका, गाडी तापणार नाही’ हे गॅरेजांतले सूत्रच होऊन बसले.

या सूत्राला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोट तालुक्याच्या दक्षिण भागातही शिरलेला आहे. कूलंट रुळण्यापूर्वी रेडिएटरात विहिरीचे नाहीतर हातपंपाचे पाणीच ओतले जाई. क्षारांचे थर, गंज, अडकलेला वॉल्व्ह ही त्याची फळे. मिस्त्रींचा उपाय त्या पाण्याला, त्या इंजिनांना दिलेले सकारण उत्तर होते. दोष एवढाच की कारण ओसरले आणि उत्तर उरले. आजच्या इंजिनातला वॉल्व्ह काढला, तर ते दीर्घकाळ थंडच राहते. संगणक त्याला जास्तीचे इंधन पाजतो, आणि घाटात हीटर गारठतो.

निदानाची रीत पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना परिचित वाटेल, कारण तीही दोन प्रती ताडून पाहण्याचीच आहे. गार इंजिनात कूलंटची पातळी प्रथम पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. इंजिन तापल्यावर, पंख्यापासून हात जपून, हीटरकडे जाणारा व तेथून परतणारा असे दोन्ही रबरी पाइप चाचपावेत. दोन्ही गरम असून वारा गार येत असेल, तर दोष हवेच्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये. एक गरम, दुसरा गार असेल, तर हीटरचा रेडिएटर तुंबलेला, त्याचा नळ बंद, नाहीतर नळीत हवा अडकलेली. दोन्ही कोमट आणि काटाही खालीच असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा मुळात जागेवरच नाही. उपाय त्यानुसारच: तुंबलेला भाग उलट्या दिशेने स्वच्छ पाण्याने धुणे, इंजिनाला नेमून दिलेला वॉल्व्ह बसवणे, ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळलेले कूलंट भरणे आणि शेवटी आतली हवा काढणे.

तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांचा नसून वापराचा व दुरुस्तीचा असावा, असे डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात आग्रहाने प्रतिपादिले. मराठीत हे काम मोठ्या प्रमाणावर बाकी आहे. शोध लावणाऱ्यांची चरित्रे आपण लिहिली. खाऱ्या पाण्याशी झुंजत गाड्या चालत्या ठेवणाऱ्यांचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडीच गेले. लिहिले न गेल्यामुळे सूत्र टिकले आणि त्यामागचे कारण गळाले. कारणासह नोंद झाली असती, तर सूत्र केव्हा सोडावे हेही पुढच्या पिढीला कळले असते. परंपरेची चिकित्सा वर्गात शिकवणाऱ्या आपणा सर्वांस गॅरेजातला हा धडा परका वाटू नये.