उस्मानाबादी शेळी, गावाचं गायरान आणि आपण

मंडळी, २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. शेळीचं नाव मात्र उस्मानाबादीच राहिलं. आपला लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला त्याच जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळं ही काळी शेळी जितकी त्यांची तितकीच आपली. उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा, कुठल्याही गावात संध्याकाळी वेशीवर उभं राहा, ती दिसतेच.

माझ्या घरामागं चार शेळ्या आणि दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत. त्यांच्यावर माझं पोट नाही, हौस म्हणून पाळतो. पण पाल्यासाठी, बोकडासाठी गावातल्या शेरडंवाल्या बायकांशी रोजचं बोलणं होतं. माझी जी हौस आहे तोच त्यांचा वर्षाचा आधार आहे. म्हणून आज या जनावराच्या इतिहासावर थोडं लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

देवणी गाय किंवा लाल कंधारी म्हटलं की वाडे, पाटील-देशमुखांच्या दावणी, प्रदर्शनातली बक्षिसं आठवतात. शेळीच्या वाट्याला असलं काही आलं नाही. ही जात ज्यांच्या नावावर जमीन नाही अशा घरांनी घडवली. वाळल्या बोरी-बाभळीच्या पाल्यावर जी तगली, जिनं जुळी दिली आणि दोन्ही करडं जगवली, तिचीच पाठ घरात ठेवली. बाकीची बाजारात गेली. पिढ्यानपिढ्या हीच निवड चालली. शास्त्रज्ञ ज्याला निवड पद्धत म्हणतात ती आपल्याकडं न शिकलेल्या बायकांनी केली. आज उस्मानाबादी जुळ्यांसाठी ओळखली जाते, ते श्रेय त्यांचं आहे.

त्यात निम्म्या वाट्याची रीत होती, अजूनही आहे. शेळी एकाची, सांभाळणार दुसरी, पिल्लं अर्धी-अर्धी. शेळी पाच महिन्यांत विते. हातात एक रुपया नसलेली बाई दोन-तीन वर्षांत स्वतःच्या दोन शेळ्यांची मालकीण होते. कुठल्या बँकेनं तिला असं कर्ज दिलं असतं?

आता सरकारचं बघा. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगानं शेळ्यांची संख्या कमी करावी असाच सूर लावला. का, तर शेळी जंगल खाते, डोंगर बोडके करते. पुढं १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला आणि त्यातून गरिबांना कर्जावर शेळ्या वाटल्या गेल्या. एका खात्यानं शेळी द्यायची आणि दुसऱ्यानं तिला हाकलायचं, असा तो कारभार. शेवटी केंद्रानं अर्थतज्ज्ञ सी. एच. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. शेळ्या-मेंढ्यांमुळं पर्यावरणाला गंभीर धोका असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा १९८७ चा अहवाल सांगतो.

पण आरोप डोक्यात बसला तो बसलाच. १९९२ ला आदर्श गाव योजना आली. तिच्यात कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही होती. त्या गावांत पाणी वाढलं, गवत वाढलं, हे खरंच आहे. पण बांध ज्याचा, त्याला गवत मिळालं. ज्याला बांधच नाही, त्यानं शेरडं कुठं न्यायची हा प्रश्न ग्रामसभेत फारसा कुणी विचारला नाही.

शेळी किती कामाची हे दुष्काळात कळतं. एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. म्हशीला दिवसाला पन्नास लिटरच्या वर पाणी लागतं, शेळीचं पाच-सहा लिटरमध्ये भागतं. कडबा संपला की बैल दावणीला उपाशी राहतो, शेळी बाभळीच्या शेंगा शोधत फिरते. त्यात २०१५ च्या कायद्यानं बैल कत्तलीसाठी विकणं बंद झालं. कायदा चूक की बरोबर हा वाद इथं नको. पण अडचणीत ज्याला गिऱ्हाईक मिळतं असं घरातलं जनावर आता मुख्यतः शेळीच आहे. मुलीची फी, दवाखाना, पेरणीचं बी, सगळ्याला एक बोकड पुरतो. २०१२ ला राज्यात साधारण ८४ लाख शेळ्या होत्या, २०१९ च्या पशुगणनेत त्या १ कोटी ६ लाखांच्या घरात गेल्या. त्या उगाच वाढल्या नाहीत.

शेळीचं पुढं काय होऊ शकतं हे कळायला कोंबडीकडं बघावं लागतं. आजीच्या काळात कोंबडी डालग्याखाली असायची आणि अंड्याचा पैसा बाईच्या कनवटीला. १९७१ ला हैदराबादेत बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि कोंबडीचा मोठा उद्योग उभा राहिला. त्यामुळं अंडी-चिकन स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, हे नाकारता येणार नाही. पण धंदा अंगणातून शेडमध्ये गेला. करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, राबणं शेतकऱ्याचं. आणि त्याला मिळते ती किलोमागं संगोपनाची मजुरी. यात आजीची कनवटी कुठंच नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं जवळपास आठशे कोंबड्या मेल्या, तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या घरगुती कोंबड्यांवरही संक्रांत आली.

शेळी अजून त्या वाटेला पूर्ण गेलेली नाही, पण पाऊल पडलंय. राज्याच्या योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान. ही योजना चांगली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मात्र शंभर शेळ्यांपासून पाचशे शेळ्यांपर्यंतचे प्रकल्प आहेत, अनुदान ५० टक्के, कमाल ५० लाख. तरुणांनी जरूर करावेत. पण त्याला जागा, बँक आणि स्वतःचं भांडवल लागतं. चार शेळ्यांवाल्या बाईला हवी आहे फक्त वेळेवर लस आणि चरायला जागा.

आणि नेमकी तीच जागा चालली आहे. गायरानाचा वाद जुना आहे. भूमिहीनांना कसायला जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला सत्याग्रह केले. कसणाऱ्या भूमिहीनाचा हक्क आणि चारणाऱ्या भूमिहीनाचा हक्क, दोन्ही खरे आहेत. त्यांची आपसात झुंज लावून तिसराच जमीन घेऊन जातो. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत, त्यात गायरानंही आहेत. शेतीला दिवसा वीज हवी, याला माझा विरोध नाही. पण ठराव करताना त्या जमिनीवर रोज किती शेरडं चरतात, हे मोजलं का? कुंपण घातल्यावर ती कुठं जाणार, याची एक ओळ तरी ठरावात लिहिली का?

म्हणून सांगतो, पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागा. गायरानाचा सातबारा वाचून दाखवा म्हणा, आणि गावात किती घरांकडं शेळ्या आहेत त्याची यादी करा म्हणा. या बायका सभेत मागं बसतात, बोलत नाहीत. त्यांना पुढं बसवा.

तुमच्या गावात गायरान किती होतं आणि आज किती उरलंय, खाली लिहा. तालुका लिहायला विसरू नका. सगळी माहिती एकत्र करून तहसीलदारांकडं निवेदन देऊ.