डिस्क आहे, पण दिसत नाही!

विंडोज एक्सपी टाकताना निळ्या स्क्रीनवर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एकही हार्ड डिस्क सापडली नाही" अशा अर्थाचा मेसेज आला, की भल्याभल्यांचं धाबं दणाणायचं. बायोसमध्ये डिस्क मॉडेल नंबरसकट दिसतेय, आणि सेटअप म्हणतो डिस्कच नाही. मग खोटं कोण बोलतंय? गंमत म्हणजे कोणीच नाही. भानगड आहे तारखांची.

एक्सपी बाजारात आलं २५ ऑक्टोबर २००१ ला. तेव्हा घरोघरी आयडीई डिस्क होत्या, त्या रुंद चपट्या केबलवाल्या. त्यांच्याशी बोलायची पद्धत थेट १९८४ च्या आयबीएम पीसी/एटीपासून चालत आलेली. त्यामुळे तिचा ड्रायव्हर सीडीवर होताच. मग साटा आलं. सुरुवातीला बरेच मदरबोर्ड साटा डिस्कला आयडीईचा मुखवटा चढवायचे, म्हणून एक्सपीचं निभावलं. पण २००४ मध्ये इंटेलने एएचसीआय आणलं, म्हणजे डिस्कशी बोलायची नवीन भाषा. २००१ ची सीडी ती कुठून शिकणार?

मग बायोसला डिस्क कशी दिसते? कारण बायोसकडे स्वतःचा कोड असतो. पण विंडोजचं कर्नल सुरू झालं की ते बायोसचा हात सोडतं आणि स्वतःचे ड्रायव्हर वापरतं. योग्य ड्रायव्हर नाही, तर डिस्क नाही. सरळ हिशोब.

यावर अधिकृत उपाय होता: सेटअप सुरू होताच एफ-६ दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. हो, फ्लॉपीच! आणि तोवर नव्या लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह केव्हाच हद्दपार झालेला. मग लोक एनलाइट वापरून ड्रायव्हर सीडीतच घुसवायचे, नाहीतर बायोसमध्ये जाऊन एएचसीआयचं आयडीई करायचे. हा दुसरा मार्ग सोपा, पण नंतर ड्रायव्हर न टाकता परत एएचसीआय केलं की ०x७बी ची निळी स्क्रीन स्वागताला हजर.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा घराघरात आलं. त्यात एएचसीआयचा ड्रायव्हर होता, शिवाय बाकीचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून देता यायचे. प्रश्न संपला? छे! विंडोज ७ आलं २००९ ला, एनव्हीएमईचं स्पेसिफिकेशन २०११ ला. पुन्हा तेच. २०२० मध्ये इंटेलच्या अकराव्या पिढीचे लॅपटॉप आले, त्यातल्या अनेकांत व्हीएमडी चालू. विंडोज १० च्या सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी!

खरा धोका इथे आहे. "सापडली नाही" चा अर्थ लोक "मेली" असा घेतात. मग चांगली डिस्क बदलली जाते, आणि घरचे फोटो, हिशोब सगळं गेलं म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून आधी बायोस बघा. तिथेही डिस्क नसेल तर केबल, पॉवर, स्लॉट तपासा. तिथे असेल तर कंट्रोलरचा मोड बघा, आणि मशीनच्या कंपनीच्या साइटवरचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन सेटअपमधल्या 'लोड ड्रायव्हर'ला दाखवा. व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसू शकते, पण आधीचं विंडोज मग सुरू होईलच असं नाही. डिस्क एनक्रिप्टेड असेल तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला हातच लावू नका.