माजी सैनिक स्काउटमास्टर : गौरव

लष्करातून निवृत्त होऊन स्काउट पथकांचे विनामोबदला नेतृत्व करणाऱ्यांचा सन्मान. स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल स्वतः लेफ्टनंट जनरल होते. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी पहिले शिबिर भरवले आणि १९१० मध्ये लष्कर सोडून उरलेले आयुष्य या कामाला दिले.

पुण्याच्या विश्रांतवाडी, कळस, दिघी परिसरात माजी सैनिकांची वस्ती मोठी आहे. शेजारच्या खडकीत बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे केंद्र आहे. पूल बांधणे हे सॅपरचे एक मुख्य काम, आणि दोर-काठ्यांचे पूल व मनोरे उभारणे हा स्काउटच्या अभ्यासक्रमातला भाग. त्यामुळे गाठी, नकाशावाचन, होकायंत्र, प्रथमोपचार हे सारे अशा स्काउटमास्टरच्या हातात मुरलेले असते. मात्र स्काउटिंग म्हणजे कवायत नव्हे. सहा ते आठ मुलांच्या संघाचे निर्णय संघनायकालाच घेऊ द्यावे लागतात. हुकूम देण्याची सवय बाजूला ठेवणे हेच या माणसांचे खरे कर्तृत्व, आणि गौरव करताना तेच आधी पाहायला हवे.

भारत स्काउट्स आणि गाइड्स (स्थापना ७ नोव्हेंबर १९५०) ही संस्था प्रौढ कार्यकर्त्यांना मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार आणि सर्वोच्च असा सिल्व्हर एलिफंट देते; दीर्घ सेवेसाठी निराळे पदक आहे. यांत लष्करी हुद्दा धरला जात नाही, मुलांसाठी केलेली सेवा मोजली जाते. निवृत्त सुभेदार आणि शाळेतला शिक्षक इथे एकाच रांगेत उभे राहतात, ते योग्यच आहे.