दोन किलो वजनाची गोष्ट

आज धारणीहून बोलतोय, आणि विषय आहे टीबीच्या पेशंटचं वजन. मेळघाट आणि कुपोषण म्हटलं की सगळ्यांना लहान मुलंच आठवतात. पण तीच भूक मोठ्या माणसाच्या फुफ्फुसापर्यंत पोचते, त्यावर फारसं कोणी बोलत नाही.

जरा मागे जाऊ. टीबीवर औषधं नव्हती तेव्हा उपाय एकच, सॅनेटोरियम. मोकळी हवा, आराम, दूध, अंडी. आपल्याकडे मिरजेला होतं तसं एक. ज्याला परवडेल त्याने जावं, बाकीच्यांनी घरीच खोकत बसावं. मग 1956 मध्ये मद्रासला एक धाडसी प्रयोग सुरू झाला. काही पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले, काही त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच. औषधं दोघांना तीच. घरी राहणाऱ्यांना ना धड जेवण, ना आराम. तरी 1959 मध्ये निकाल आला, तर बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच! सॅनेटोरियमची सद्दी संपली, गरिबाला घरबसल्या उपचार मिळाले. फार मोठी गोष्ट होती ही.

पण मला वाटतं, तिचा अर्थ लोकांनी जरा जास्तच ताणला. ‘खाटेची गरज नाही’ याचं हळूहळू ‘जेवणाचं काही नाही’ असं झालं. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, ते मागेच पडलं.

त्याकडे पुन्हा नीट बघायला साठ वर्षं लागली. 2019 ते 2022, झारखंड, ‘रेशन्स’ नावाचा अभ्यास. पेशंटला गोळ्यांसोबत महिन्याला 10 किलो शिधा: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. आणि ज्या घरांत बाकीच्यांनाही धान्य दिलं, तिथे नवा टीबी 39 टक्के कमी.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचंही असंच. 1980 मध्ये अमेरिकेत 3,047 कॅन्सर पेशंटचा अभ्यास छापून आला. केमोच्या आधीच वजन उतरलेले लोक सहसा कमी जगले. आता तर सीटी स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायू किती उरलेत, तेही मोजतात.

इकडे धारणीतला कोरकू मजूर कामासाठी बाहेर जातो, होळीला परततो. निक्षय पोषण योजनेचे 2018 मध्ये महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. 40 किलोच्या माणसाला 5 टक्के म्हणजे 2 किलो, बस. ओळखीचं कुणी गोळ्या घेत असेल तर विचारा, सुरुवातीला काट्यावर किती होतं, दोन महिन्यांनी किती झालं? वाढलं नसेल तर दवाखान्यात सांगा. गोळ्या मात्र बंद करू नका.