अर्धवट वाचलेलं पत्र

इटली एक देश झाला तो १८६१ मध्ये. त्याच वर्षी पहिला पंतप्रधान काव्हूर वारला आणि त्याची खुर्ची तोस्कानाच्या एका सरदाराकडे आली. त्याचं नाव बेत्तीनो रिकासोली. शिस्तीचा इतका कडक की लोक त्याला ‘पोलादी बॅरन’ म्हणत. त्याच्याबद्दल एक गोष्ट तोस्कानात आजही चवीने सांगतात. फ्लोरेन्समधल्या एका नाचाच्या समारंभात कुणी तरुण त्याच्या बायकोशी जरा जास्तच घोळला. बॅरन काही बोलला नाही. बायकोला घेऊन बग्गीत बसला आणि बग्गी घराकडे न वळवता थेट दूरच्या ब्रोल्योच्या किल्ल्यावर नेली. बाईंचा मुक्काम पुढे बराच काळ तिथेच पडला म्हणे. गोष्टीत तिखटमीठ किती आणि खरं किती हे बाजूला ठेवू. रिकासोली ब्रोल्योला जाऊन राहिला आणि द्राक्षाच्या मागे लागला, एवढं मात्र पक्कं.

फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधला डोंगराळ, खडकाळ, ओकच्या रानांनी भरलेला मुलूख म्हणजे कियांती. ब्रोल्योचा किल्ला ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे होता, पण बेत्तीनोच्या वाट्याला तो कर्जासकट आला. वाइनने ते कर्ज फिटेल असा त्याचा होरा होता. तीसेक वर्षं त्याने वेगवेगळ्या जातींचे वेल लावून पाहिले, फ्रान्सच्या द्राक्षबागा हिंडून आला, पिंपामागून पिंपं भरली. दोनदा पंतप्रधानपद सांभाळून झाल्यावर, सप्टेंबर १८७२ मध्ये, त्याने पिसा विद्यापीठातले प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना एक पत्र लिहिलं आणि या सगळ्या खटाटोपाचं सार त्यात मांडलं. वाइनचा सुगंध आणि जोम येतो तो सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून. कानायोलो हे दुसरं काळं द्राक्ष त्याचा करडेपणा कमी करतं. माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष वाइन हलकी करतं, रोजच्या जेवणात लगेच प्यायची असेल तर ते चांगलं. मुरवत ठेवायच्या वाइनमध्ये मात्र त्याची गरज नाही.

हे शेवटचं वाक्य पुढच्या लोकांनी वाचलंच नाही. किंवा वाचलं आणि सोयीचं नाही म्हणून सोडून दिलं.

रिकासोलीच्या आधीही कियांतीला मोठा इतिहास आहे. गंमत म्हणजे ‘कियांती’ या वाइनचा १३९८ सालचा जो जुना कागद सापडतो, त्यात ती पांढरी आहे. तो कागद सेर लापो मात्सेई या नोटरीच्या हातचा. मात्सेई घराणं १४३५ पासून फोंतेरूतोली इथे आहे आणि आजही तिथे वाइन करतं. आंतिनोरी हे घराणं त्याहून जुनं: त्यांच्यातला जोव्हान्नी दी प्येरो १३८५ मध्ये फ्लोरेन्सच्या वाइनविक्यांच्या संघात दाखल झाला. सव्वीस पिढ्या एकच धंदा. आपल्याकडे तिसऱ्या पिढीत भाऊबंदकी सुरू होते आणि दुकानाच्या दोन पाट्या लागतात, त्या हिशेबाने हे आक्रीतच.

ही घराणी शहरातल्या वाड्यांतून माल विकत कशी, ते फ्लोरेन्सच्या भिंतींवर अजून दिसतं. जुन्या वाड्यांच्या दगडी दर्शनी भिंतीत, दरवाजाच्या बाजूला, साधारण कमरेच्या उंचीवर एक छोटी कमानदार खिडकी असते. देवळीएवढीच म्हणा ना. तिला लाकडी झडप. गिऱ्हाइकाने झडप वाजवायची, रिकामी बाटली आत सरकवायची, पैसे द्यायचे, भरलेली बाटली घ्यायची. सोळाव्या शतकात घरच्या बागेतली वाइन घरूनच विकायची मुभा मिळाली आणि मधला दुकानदार कटाप झाला. सरदारांनी आपल्या वाड्याला असं भोक पाडून किरकोळ विक्री करावी, यात कुणाला कमीपणा वाटला नाही. १६३० च्या प्लेगात तर या खिडक्या फारच उपयोगी पडल्या. आतला माणूस गिऱ्हाइकाला शिवत नसे, नाणी धातूच्या पळीवर घेऊन व्हिनेगरमध्ये बुडवत असे. २०२० च्या करोनात काही खिडक्या पुन्हा उघडल्या आणि त्यांतून कॉफी, आइस्क्रीम बाहेर येऊ लागलं.

नाव झालं की नक्कल आलीच. परदेशी जाणाऱ्या मालात भेसळ होऊ लागली, तेव्हा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा मेदिची याने सप्टेंबर १७१६ मध्ये एक फर्मान काढलं. कियांती म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे त्यात गावांची नावं घालून सांगितलं: ग्रेवे, पान्झानो, राद्दा, गायोले, कास्तेल्लीना. पोमीनो, कारमिन्यानो आणि वरचं आर्नो खोरं या आणखी तीन भागांच्या सीमाही ठरवून दिल्या. वाइनच्या मुलखाची कायद्याने हद्द आखण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. राज्यकर्ता म्हणून कोझिमोचं इतिहासकार फारसं कौतुक करत नाहीत. हे एक काम मात्र त्याने नीट केलं.

हद्द ठरली, पण त्या हद्दीत राबणाऱ्याचं काय? तोस्कानाची शेती शतकानुशतकं निम्म्या वाट्याने चाले. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुळाच्या अख्ख्या कुटुंबाचे, पीक अर्धं अर्धं. आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. नुसत्या द्राक्षाची बाग कुणी करत नसे. मेपलच्या झाडांवर वेल चढवलेले, दोन ओळींत गहू, बांधाला ऑलिव्ह. घरात खाणारी तोंडं दहा-बारा, म्हणून कुळाचा डोळा वजनावर. त्रेब्यानो हे पांढरं द्राक्ष भरघोस येतं, सहसा दगा देत नाही. ते रानोरान पसरलं. चवीला पाणचट, पण टोपल्या भरतात ना!

ही वाइन जगभर गेली ती ‘फियास्को’त बसून. गोल बुडाचा, पातळ काचेचा बुधला आणि त्याच्या पोटाभोवती पाणथळीतल्या गवताचं विणलेलं आवरण. बूड गोल असल्याने ते आवरणच त्याची बैठक. विणकाम बायका करत, घरात किंवा दाराशी बसून. विसाव्या शतकात परदेशातल्या इटालियन खानावळींत रिकाम्या फियास्कोच्या तोंडात मेणबत्ती खोचायची फॅशन आली. वाइनपेक्षा बुधल्याचंच नाव झालं. फजितीला आपण ‘फियास्को’ म्हणतो तो शब्द हाच.

फजिती खरोखरच जवळ येत होती. १९२४ मध्ये राद्दा इथे ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन संघ काढला आणि मध्ययुगातल्या कियांती लीगचा काळा कोंबडा आपलं चिन्ह म्हणून घेतला. पण १९३२ च्या सरकारी हुकुमाने भोवतालचा बराच मुलूख ‘कियांती’त घातला. मूळच्या भागाला ‘क्लासिको’ ही शेपटी लावून वेगळं उभं राहावं लागलं. मग १९६३ मध्ये वाइनच्या नावांना संरक्षण देणारा कायदा आला आणि १९६७ मध्ये कियांतीची कृती सरकारी कागदावर उतरली: सांजोवेझे ५० ते ८० टक्के, कानायोलो १० ते ३० आणि पांढरी द्राक्षं १० ते ३० टक्के. आधार बॅरनचा. मात्र रोजच्या वाइनसाठी त्याने सांगितलेला पांढऱ्याचा हात आता मुरवायच्या वाइनलाही सक्तीचा झाला. माल्वाझियाच्या शेजारी त्रेब्यानोही येऊन बसलं, ज्याचा सल्ला बॅरनने दिलाच नव्हता. शेतात त्रेब्यानो उदंड होतं, हे त्यामागचं खरं कारण. बॅरनचं नाव फक्त वर लावायला.

त्याच सुमारास कुळं जमीन सोडून चालली होती. १९६४ च्या कायद्याने वाट्याच्या शेतीचे नवे करार बंद झाले. पोरं कारखान्यांत गेली, डोंगरातली दगडी घरं ओस पडली. अनुदानाच्या पैशातून नव्या बागा झाल्या, पण वेल निवडले ते जास्त माल देणारे. त्यातून निघणारी वाइन फिकट आणि आंबट, भाव पडलेला.

बंड झालं ते कियांतीच्या बाहेर, समुद्राकाठच्या बोल्गेरीत. तिथे मारिओ इन्चीझा देल्ला रोकेत्ता हा सरदार राहायचा. त्याची ख्याती खरं तर घोड्यांची. प्रसिद्ध ‘रिबो’ त्याच्या भागीदारीतल्या तबेल्याचा. त्याने १९४० च्या दशकात दगडगोट्यांच्या रानात फ्रेंच काबेर्ने लावलं आणि वर्षानुवर्षं घरापुरतीच वाइन केली. पाहुण्यांना ती आवडत नसे. पण जुन्या बाटल्या उघडल्या की चव बदललेली असे. १९६८ च्या हंगामाची वाइन ‘सास्सिकाया’ या नावाने बाजारात आली. १९७८ मध्ये लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाने काबेर्नेच्या वाइनची तुलना मांडली, त्यात तिने पहिला नंबर काढला.

मारिओच्या बायकोचा भाचा म्हणजे प्येरो आंतिनोरी. त्याने जाकोमो ताकीस या तज्ज्ञाला हाताशी धरून कियांतीतच नियम मोडला. १९७१ च्या ‘तिन्यानेल्लो’वर त्याने ‘कियांती’ हे नाव घातलं नाही, आणि १९७५ पासून पांढरं द्राक्ष त्यातून पूर्ण गेलं. काबेर्नेचा हात पडला, छोटी ओक पिंपं आली. राद्दामध्ये सेर्जो मानेत्तीने १९७७ ची ‘ले पेर्गोले तोर्ते’ निव्वळ सांजोवेझेची केली. कायद्याच्या लेखी या साऱ्या ‘टेबल वाइन’, म्हणजे खानावळीत मातीच्या सुरईतून येते त्या पंगतीतल्या. आणि किंमत? अस्सल शिक्क्याच्या कियांतीच्या कितीतरी पट! कायदा करणाऱ्यांनी लाजावं असंच हे चित्र होतं.

लाजले, पण सावकाश. १९८४ मध्ये कियांतीला सर्वोच्च दर्जा देताना पांढऱ्याची सक्ती नावापुरती उरली. १९९६ मध्ये क्लासिकोत शंभर टक्के सांजोवेझे चालेल असं ठरलं. २००६ पासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षाला बंदीच आली. बॅरनचं पत्र पूर्ण वाचायला १३४ वर्षं लागली.

बॅरनच्या पत्रातलं ते काळं द्राक्ष आता माळशिरस तालुक्यातही आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ काढली, आणि इटालियनमध्ये ‘फ्रातेल्ली’चा अर्थही भाऊच. वाइन करायला आले ते तोस्कानाचे प्येरो मासी. त्यांची ‘सेत्ते’ सांजोवेझे आणि काबेर्ने यांच्या मिश्रणाची आहे, आंतिनोरीने ज्यावरून बंड केलं तीच जोडी. कियांतीत सांजोवेझेची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. सोलापूर जिल्ह्यात पावसाळ्यानंतर छाटणी करून ती उन्हाळ्याच्या तोंडावर उरकावी लागते.