चाक शोभेचं, नट जिवाचा



इंदूरच्या मराठी घरांत जुन्या मोटारींचा विषय निघाला की गप्पा होळकरांच्या गॅरेजात जाऊन थांबतात. यशवंतराव महाराजांची (दुसरे) १९३५ ची ड्युसेनबर्ग सगळ्यांना तोंडपाठ असते. चासी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची आणि वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. बॉडीवर बोलतात, इंजिनावर बोलतात, चाकांवर मात्र कोणी बोलत नाही. म्हणून आज चाकांचा इतिहास लिहितो.

निमित्त घरचंच आहे. माझा भाचा बरीच वर्षं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. त्याने १९७२ ची एमजीबी घेतली आहे, उघड्या टपाची, दोन माणसांची. गाडीला तारेची चाकं आहेत. ती काढून अलॉय चाकं लावायचा त्याचा विचार होता. फोनवर विचारलं, "मामा, तुम्ही एवढं वाचता, सांगा ना, दोन्हींत सुरक्षित कुठलं?" माझी नोकरी बँकेत गेली, शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे पाना हातात धरून शिकलेला माणूस मी नाही. पण कर्जाची कागदपत्रं तपासण्यात उमेद गेली, म्हणून मूळ कागद बघायची सवय आहे. वाचत गेलो तसा त्याच्या प्रश्नाचा रोखच बदलला.

गंमत म्हणजे ही गोष्ट त्याच्या गावापासूनच सुरू होते. कॉव्हेंट्री हे सायकलींचं शहर. तिथली रज-व्हिटवर्थ कंपनी सायकली करायची. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या जॉन प्यू यांनी मोटारीसाठी तारेचं, झटकन निघणारं चाक काढलं. त्याआधी पंक्चर झालं की चाक गाडीवरच ठेवून टायर उतरवायचा. आता मधला एकच नट सोडला की अख्खं चाक हातात! शर्यतीत याचा फायदा इतका उघड होता की १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये अशा चाकांना मनाई झाली आणि इंग्लंडच्या नेपियर गाड्या त्या शर्यतीला उतरल्याच नाहीत. पुढे मिलानमध्ये कार्लो बोरानी यांनी १९२२ साली याच चाकाचा परवाना घेतला आणि इटलीच्या शर्यतीच्या गाड्या त्या चाकांवर धावू लागल्या. १९२३ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हा तिथे एका चषकाला नावसुद्धा रज-व्हिटवर्थचंच होतं.

आता त्या एका नटाचं रहस्य. आपल्यापैकी ज्यांनी सायकल स्वतः खोलली आहे त्यांना माहीत असेल, डाव्या पॅडलला उलटे आटे असतात. ते उगाच नसतात. सरळ आटे दिले तर पाय मारता मारता पॅडल आपोआप सैल होतं. मोटारीच्या चाकाचं तत्त्व तेच. एमजीबीसारख्या गाडीत डाव्या बाजूच्या हबला सरळ आटे आणि उजव्या बाजूच्या हबला उलटे आटे. म्हणजे दोन्हीकडे नट सोडायची दिशा आणि गाडी पुढे जाताना चाक फिरतं ती दिशा एकच!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, छापण्यात चूक झाली असेल. अशाने नट सुटून पडायचा. पण एका पेन्सिलीवर सैल बांगडी घाला आणि पेन्सिल फिरवा. बांगडीचा घेर मोठा, म्हणून पेन्सिलीची एक फेरी झाली तरी बांगडीची पुरी होत नाही, ती थोडी मागे राहते. चाकाच्या मधल्या भागाचं तोंड निमुळतं असतं आणि नट त्याच्यावर टोपीसारखा बसतो. थोडी जरी हालचाल राहिली तरी नट बांगडीसारखा मागे मागे सरकतो, आणि मागे सरकणं म्हणजे आवळणं. हबची डावी-उजवी अदलाबदल झाली तर हेच गणित उलटं फिरतं आणि चाक वाटेत गाडी सोडून जातं. काही दुसऱ्या बनावटींत नट आतून बसतो, तिथे आट्यांची बाजूही वेगळी असते. म्हणून ज्या गाडीचं काम, त्याच गाडीचं मॅन्युअल.

या नटाला दोन-तीन कान असायचे, त्यावर तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळायचं. कान दिसायला झोकदार, पण रस्त्यावरच्या माणसाला लागले तर इजा होणार. अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून नव्या गाड्यांवर असे बाहेर आलेले कान बंद केले. मग आठ बाजूंचा साधा नट आला, तो मोठ्या पान्याने आवळायचा. तो कायदा १९९६ मध्ये मागे घेतला गेला. म्हणून एकाच मॉडेलच्या गाड्यांवर दोन्ही प्रकारचे नट दिसतात.

एमजीबी ऑक्सफर्डशरमधल्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. जीटी वगैरे सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या. साधी पोलादी चाकं की जादा पैसे देऊन तारेची, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. १९६९ च्या अखेरीस पोलादी चाकांच्या जागी रोस्टाइल नावाची ठसठशीत चाकं आली. नावातला 'रो' हा रुबेरी ओवेन कंपनीचा.

अलॉय चाकांचा वंश वेगळा आहे. एत्तोरे बुगाटी यांनी १९२४ साली टाइप ३५ ही शर्यतीची गाडी आणली. तिची चाकं ॲल्युमिनियमची ओतीव होती, आठ चपट्या आऱ्यांची, आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला. महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं केली. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात आठ आऱ्यांचं मिनिलाइट निघालं आणि मिनी कूपरच्या रॅलींमुळे घराघरांत पोचलं. मॅग्नेशियमचं वजन ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं कमी, तितकं चाक खड्ड्याखाचेत रस्ता धरून राहतं. आज त्याच घाटाची ॲल्युमिनियमची चाकं मिळतात. खरं जुनं मॅग्नेशियमचं चाक हाती आलं तर मात्र बारीक भेगांची तपासणी झाल्याशिवाय ते रस्त्यावर आणू नये. हा धातू आतून गंजतो आणि वरचा रंग ते झाकून ठेवतो.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याला वाटत होतं, तारेची चाकं म्हणजे जुनी आणि कच्ची, अलॉय म्हणजे नवी आणि पक्की. सूनबाई आणि सहा वर्षांची नात त्या गाडीतून वेल्सच्या डोंगरात जाणार होत्या, म्हणून त्याची काळजी खरी होती. मी त्याला म्हटलं, "अरे, चाक बदलण्याआधी चाक ज्याच्यावर बसतं ते बघ."

तारेचं चाक हबवरच्या दात्यांवर बसतं. ब्रेकचा आणि इंजिनाचा सगळा जोर त्या दात्यांवर येतो. वर्षानुवर्षं ग्रीस न लावता, नट सैल ठेवून गाडी चालवली की दाते झिजून टोकदार होतात. मग गाडी सुटताना किंवा ब्रेक लावताना 'टक्' असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे हप्ता थकल्याची पहिली नोटीस समजा. पुढची पायरी म्हणजे दाते तुटणं. मग इंजिन फिरतं पण चाक फिरत नाही, किंवा ब्रेक दाबला तरी ते चाक थांबत नाही. झिजलेल्या हबवर कोरं चाक चढवलं तर जुने दाते नव्या दात्यांना खातात. बदलायचं तर हब आणि चाक जोडीने.

तारांचं सांगायचं तर सायकलवाल्याचीच युक्ती. पेन्सिलीने प्रत्येक तारेवर टिचकी मारायची. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल किंवा तुटलेली बद्द वाजते. एमजीबीच्या चाकाला साठ तारा असतात, बैलगाडीच्या आऱ्यासारखी त्यांच्यावर दाबाची भिस्त नसते, सगळं काम ताणावर चालतं. चार तारा ढिल्या पडल्या की भार शेजारणींवर जातो. तारांची टोकं रिममधून आत येतात, म्हणून अशा जुन्या चाकात टायरबरोबर ट्यूब आणि तिच्याखाली पट्टी हवीच.

आणि अलॉय लावायचीच असतील तर? तिथेही मधली जोड आधी. तारेच्या एमजीबीचा मागचा ॲक्सल साध्या चाकांच्या गाडीपेक्षा थोडा आखूड असतो आणि हबही वेगळे. त्यामुळे चार नटांची चाकं सरळ आणून बसत नाहीत. एक तर दात्यांवर बसणारी अलॉय चाकं घ्यायची, नाही तर त्याच कामासाठी केलेले हब. चार नटांच्या चाकात बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास एमजीबीला साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. 'जवळपास जमतंय' हे इथे चालत नाही.

मग ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून चाक हबला टेकतं त्या पृष्ठापर्यंतचं अंतर. ते चुकलं तर चाक बाहेर येऊन बेअरिंगवर जादा भार टाकतं आणि मडगार्डला घासतं, किंवा आत जाऊन ब्रेकला लागतं. गाडीत माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघायचं. नुसतं जॅकवर फिरवून कळत नाही.

शेवटी नट. पोलादी चाकाचा नट निमुळत्या तोंडाचा, काही अलॉयचा सरळ दांड्याचा आणि खाली सपाट वॉशर. एकाचा नट दुसऱ्याला लावला की तो कोपऱ्यावरच टेकतो, घट्ट वाटतो आणि दोनशे किलोमीटरनंतर सैल होतो. अलॉयचा मधला भाग जाड असतो, म्हणून बोल्ट लांब लागू शकतो. निदान बोल्टच्या जाडीइतके आटे नटात गेलेच पाहिजेत. आवळायचं समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने. एमजीबीच्या मॅन्युअलमध्ये ६० ते ६५ फूट-पाउंड आहे, अलॉयला चाक करणाऱ्याने दिलेला आकडा पाळायचा. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचं.

भाच्याने नट सोडून हब पाहिले तर मागचे दोन्ही टोकदार झालेले! अलॉयसाठी जमवलेल्या पैशांतून त्याने मागचे नवे हब आणि नवी तारेची चाकं जोडीने घेतली. पुढचे हब शाबूत होते. डावं-उजवं दोनदा तपासलं. सूनबाई आणि नात वेल्सला जाऊन आल्या. प्रवासाचं वर्णन विचारलं तर नात म्हणाली, "आजोबा, मेंढ्या खूप होत्या." चाकांचा उल्लेख नाही, हीच चाकांची शाबासकी.

आपल्याकडे ज्यांच्या घरी जुनी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी एवढंच. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही नोंदणीशी विसंगत बदल करू देत नाही. म्हणून चाकं बदलण्याआधी आरटीओत विचारा आणि मूळ चाकं भंगारात देऊ नका. घराचे जुने दस्तऐवज जपतो तशी तीही जपा.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांकडे तारेच्या चाकांची गाडी होती त्यांनी फोटो जरूर टाका. फोटोत चाकाच्या मधला नट दिसत असेल तर अजून उत्तम, त्याचे कान मोजू या.