पडदा रुंदावला, गाव तेवढेच राहिले

सिनेमागृहांचा इतिहास आपल्याकडे बहुधा बाल्कनीत बसणाऱ्यांनी लिहिला आहे. त्यात वास्तूची शैली असते, मालकांची नावे असतात, पहिल्या खेळाला कोणकोणते तारे-तारका आल्या याची यादी असते. पडद्याजवळच्या पाच-सहा रांगांत मान वर करून बसणाऱ्यांनी काय पाहिले, हे त्यात नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर उभ्या असलेल्या ‘मिनर्व्हा’ या सत्तर एम.एम. चित्रपटगृहाविषयी मी लिहितो आहे, ते या पुढच्या रांगांच्या वतीने. मिनर्व्हा आता नाही. ते पाडले गेले. पण तिथे बसून आम्ही जे पाहिले आणि जे पाहायला मिळाले नाही, त्याचा हिशेब अजून व्हायचा आहे.

रुंद पडदा कलावंताच्या स्वप्नातून आलेला नाही, बाजाराच्या गरजेतून आला आहे. अमेरिकेत घरोघर टेलिव्हिजन शिरला, सिनेमागृहे ओस पडू लागली, तेव्हा घराच्या पेटीत मावणार नाही असे काही तरी विकणे धंद्याला भाग पडले. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’ आला. तीन प्रोजेक्टर एकाच वेळी चालवून एका वाकवलेल्या प्रचंड पडद्यावर तीन चित्रे जोडून दाखवायची, अशी ती रचना होती. १९५३ साली ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोप आणला. १९५५ साली ‘ओक्लाहोमा’ने सत्तर एम.एम.ची रुंद फिल्म आणली. आपल्याकडे गुरुदत्तने ‘कागज के फूल’ १९५९ साली सिनेमास्कोपमध्ये काढला आणि १९६७ साली ‘अराउंड द वर्ल्ड’ सत्तर एम.एम.मध्ये आला. जुन्या चौकटीची रुंदी तिच्या उंचीच्या सव्वा-दीडपट असे, सत्तर एम.एम.ची रुंदी उंचीच्या दुपटीहून अधिक. शिवाय फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्ट्यांवर आवाजाचे सहा मार्ग. चित्र समोर आणि आवाज चहूबाजूंनी, असा हा मामला होता.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. चित्रण पस्तीस एम.एम.वर झाले होते आणि लंडनमध्ये ते मोठे करून सत्तर एम.एम.च्या प्रती काढल्या होत्या. पहिले काही दिवस चित्रपट पडला असेच धंद्यातले लोक म्हणत होते. मग तो चालू लागला आणि मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालत राहिला. आधी रोजच्या सगळ्या खेळांना, नंतर मॅटिनीला.

मी कामाठीपुऱ्याच्या अंगाने वाढलो. पिला हाऊसची जुनी थिएटरे आमच्या पायाखालची. तिथे पडदा फाटका, खुर्चीत ढेकूण आणि फिल्म मध्येच तुटायची. मिनर्व्हाचे तसे नव्हते. दीड हजारांच्या आसपास खुर्च्या, थंडगार हवा, दारात बॅटरी घेतलेला डोअरकीपर. त्या काळात तिथे गेलेल्या कुणालाही विचारा, तो नाण्याची गोष्ट सांगेल. पडद्यावर अमिताभ नाणे उडवतो, ते पडते, आणि त्याचा खणखणाट आपल्याच रांगेत झाल्यासारखा येतो. लोक वाकून खुर्चीखाली पाहत. आमच्या चाळीतला एक म्हातारा, गिरणीतून निवृत्त झालेला, इंटरव्हलपर्यंत पायाने जमीन चाचपत होता. आम्ही हसलो. पण ज्याने जन्मभर पडलेला पैसा उचलून संसार केला, त्याने जमीन चाचपली यात हसण्यासारखे फारसे काही नव्हते.

त्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने मिनर्व्हाचे खरे नवल आवाजाचे नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते आमच्या माणसांना बंद होते. धागा तोंडाने ओढावा लागतो, तो बाटेल, हे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. गावी तमाशाच्या आणि तंबूतल्या सिनेमाच्या खेळाला आमची माणसे बाजूला बसत. कुणी सांगावे लागत नसे, जागा ठरलेली असे. इथे मात्र खिडकीत पैसे टाकले की खुर्चीचा नंबर मिळत होता. शेजारी कोण बसले आहे हे तिकीट विचारत नव्हते. अंधार झाला की शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत होते आणि कुणी आंघोळ करायला घरी पळत नव्हते.

हा अंधार कुणी दान दिलेला नाही. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या जागांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून तिथे कुणालाही मज्जाव करता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने असा मज्जाव हा गुन्हा ठरवला. पाणवठा आणि करमणुकीची जागा घटनेने एकाच कलमात आणली आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जो हक्क बजावला गेला, त्याच हक्काची एक शाखा थिएटरच्या दारापर्यंत येते. माझ्या हातातले लोअर स्टॉलचे तिकीट महाडहून आलेले होते.

दार असे उघडले. पडद्याचे काय?

‘शोले’चे रामगढ हे खरे गाव नव्हे. बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ माळावर ते सबंध गाव नव्याने उभे केले गेले. कलादिग्दर्शक राम येडेकर. खरे गाव कॅमेऱ्यात पकडले तर चौकटीतून काही सुटू शकते. पण जे गाव मोकळ्या जमिनीवर वीट न् वीट ठरवून उभारले जाते, त्यात काय असावे आणि काय नसावे हा उभारणाऱ्यांचा निर्णय असतो. रामगढमध्ये ठाकुराची हवेली आहे. देऊळ आहे, मशीद आहे. टांगा आहे, पाण्याची उंच टाकी आहे आणि त्या टाकीवर चढून नायक दारूच्या नशेत लग्नाची मागणी घालतो. साऱ्या गावाचे पाणी ज्या टाकीत आहे तिच्यावर कोण चढला, याची चौकशी होत नाही. आणि या गावाला गावकूस नाही. महारवाडा नाही, मांगवाडा नाही, उत्तरेकडची चमारटोली नाही. माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचा तो पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाव दाखवत होता आणि त्या गावात आम्ही कुठेच नव्हतो.

जात मात्र होती. ती मालकाच्या नावात होती: ठाकूर. आणि तुरुंगातल्या चहाडखोराच्या नावात होती: हरिराम नाई. एक नाव उच्चारले की धाक, दुसरे उच्चारले की हशा.

कुणी म्हणेल, करमणुकीच्या चित्रपटाला हे कशाला विचारायचे? विचारायचे, कारण काळ तोच होता. पडद्यावर ठाकुराचे हात तोडले गेले तेव्हा सारे थिएटर हळहळत होते, मीही त्यात होतो. १९७४ साली अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढले गेले होते. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. तेव्हाही मिनर्व्हाच्या दारावर ‘शोले’चेच पोस्टर होते. डाकू बाहेरून, डोंगरातून येतो आणि गावावर हल्ला करतो, ही पडद्यावरची कथा. आमचा अनुभव उलटा होता. आमच्या वस्तीवर चालून येणारे गावातलेच होते, रोजच्या ओळखीचे.

तरीही आमच्या वस्तीतल्या पोरांनी हा चित्रपट आपला मानला. याचे कारण मी पुष्कळ शोधले. मला वाटते, जय आणि वीरू यांना आडनाव नव्हते. ते कुणाचे, कुठले, हे चित्रपट सांगत नाही. तुरुंगातून आलेले, पैशासाठी लढणारे, कुळ नसलेले दोन तरुण. ज्यांना शाळेच्या पटावर आडनाव सांगताना आवाज खाली घ्यावा लागे, त्या पोरांना या दोघांत स्वतःला बसवता आले. चित्रपटाने आम्हांला जागा दिली नव्हती; आम्ही त्याच्यातली मोकळी जागा शोधून काढली. पण त्याही मोकळेपणाला हद्द होती. विधवा राधा आणि हा बिनआडनावाचा जय यांचे लग्न होण्याची वेळ येते, तेव्हा कथा जयला मारून टाकते. ठाकुराच्या घराची चौकट शाबूत राहते.

‘शोले’चा शेवटही बदलला गेला होता. मूळ शेवटी ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते चालले नाही. म्हणून पोलीस वेळेवर येतात आणि कायदा आपले काम करतो. २०२५ साली, पन्नास वर्षांनी, मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्या शहराच्या महोत्सवात दाखवली गेली. फिल्म जपणाऱ्यांचे हे काम मोलाचे आहे. खराब झालेली चौकट न् चौकट त्यांनी धुऊन काढली. पण चौकटीत जे कधी घेतलेच नाही, ते कोणत्याही दुरुस्तीने येत नाही.

ते आणावे लागते. नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’त कॅमेरा गावाबाहेरच्या झोपडीपाशी उभा राहतो आणि तिथून गावाकडे पाहतो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो चित्रपट सत्तर एम.एम.चा नव्हता. पडदा किती रुंद हे भिंगावर ठरत नाही, कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरते, हे त्याने दाखवून दिले.

मात्र ज्या काळात आमचे गाव पडद्यावर येऊ लागले, त्याच काळात स्वस्त तिकिटाची मोठी थिएटरे एकामागून एक बंद होत गेली. मिनर्व्हा गेले. मुंबई सेंट्रलसमोरच्या मराठा मंदिरात १९९५ साली लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ २०२५ साली तीस वर्षांचा झाला, तो स्वस्त तिकिटाच्या आणि स्टेशनावरून येणाऱ्या साध्या माणसांच्या बळावर. मल्टिप्लेक्सच्या खिडकीत जात विचारली जात नाही, ऐपत विचारली जाते. आणि आपल्या देशात या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा एकाच घरात सापडतात. घटनेने उघडलेले दार दर वाढवूनही लावून घेता येते.

मिनर्व्हाच्या पुढच्या रांगांत बसलेली पिढी आता सत्तरीकडे आणि सत्तरीपलीकडे आहे. तिकिटाला पैसे कुठून आणले, शेजारी कोण बसले, काय पाहून टाळी वाजवली आणि काय पाहून गप्प झालो, हे तिने लिहावे. लिहिता येत नसेल तर मुला-नातवंडांना सांगून लिहून घ्यावे. फिल्मच्या प्रती जपायला संस्था आहेत. आमची आठवण आम्हांलाच जपावी लागेल.